मोतीबिंदू: लगेच ऑपरेशन की थांबायचं? जरा पडण्याच्या बाजूने बघू

"अजून पेपर वाचता येतोय ना, मग कशाला घाई" असं म्हणून ऑपरेशन पुढे ढकलणारे खूप असतात, पण पेपर काय बसून वाचतात, पडतो माणूस चालताना. मोतीबिंदूत नुसतं धूसर होत नाही, करड्या जिन्यावरची करड्या पायरीची कड कळेनाशी होते, समोरून लाईट आला की डोळे दिपतात, आणि एका डोळ्यात जास्त असेल तर पायरी किती खाली आहे हा अंदाजच जातो.

लगेच केलं तर काय फरक? इंग्लंडमधे नॉटिंगहॅमला सत्तरीपुढच्या 306 बायकांवर अभ्यास झाला (2005 ला छापून आला), काहींचं पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन महिन्याभरात केलं आणि बाकीच्यांना वर्षभर थांबवलं. लवकर केलेल्यांचं पडणं 34 टक्के कमी, फ्रॅक्चर 3 टक्के, थांबलेल्यांमधे 8. मला तरी हा आकडा बघून थांबायचं कारण उरत नाही. आणि "पिकू दे मग काढू" हे आता जुनं झालं, फार कडक झालेला मोतीबिंदू काढायला उलट जास्त त्रासाचा.

थांबणं कधी ठीक? नुसता चष्म्याचा नंबर बदलून भागत असेल तर. डोळ्याच्या आतल्या पडद्याचा (रेटिनाचा) आजार किंवा काचबिंदू असेल तर नजर किती सुधारेल हे आधी डॉक्टरांना स्पष्ट विचारा. उठल्यावर बीपी खाली जाऊन, झोपेच्या गोळीने किंवा पायात ताकद नसल्याने पडत असतील तर ऑपरेशनने ते थांबणार नाही, ते वेगळं बघावं लागतं.

आता खरी गंमत ऑपरेशननंतर. एक डोळा झाला आणि दुसरा तसाच, त्यात आधीचा नंबर मोठा असेल तर दोन डोळ्यांचं जमत नाही, अंदाज चुकतो, म्हणून दुसऱ्या डोळ्याचं कधी करायचं हे पहिल्याच वेळी विचारून घ्या (दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनने पडणं नक्की किती कमी होतं याचा पुरावा पहिल्याइतका पक्का नाहीये, पण मधला काळ लांबवू नये). नवीन चष्म्याचंही तेच, सिडनीच्या 2007 च्या अभ्यासात अशक्त म्हाताऱ्यांची नजर तपासून चष्मे वगैरे दिले तर पडणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं! त्यामुळे नंबर एकदम बदलला तर पहिले काही आठवडे जपून. प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल (वर लांबचा, खाली वाचायचा नंबर असलेला) चष्मा असेल तर जिना उतरताना खाली बघितलं की वाचायच्या भागातून बघणं होतं आणि पायरी धूसर दिसते, बाहेर बऱ्यापैकी फिरणाऱ्यांनी चालायला फक्त लांबचा वेगळा चष्मा करून घेतलेला बरा.