इट हॅपन्ड वन नाइट, चोरी चोरी की दिल है के मानता नहीं: घरच्यांबरोबर कोणता बघाल?

तिन्हींची गोष्ट एकच. गडगंज बापाची लाडावलेली मुलगी रागाने घर सोडते, बसमध्ये तिला एक कडका पत्रकार भेटतो, बातमीच्या आशेने तो तिच्या सोबत राहतो आणि वाटेत दोघं प्रेमात पडतात. मूळ पिक्चर १९३४चा, फ्रँक काप्राचा. त्यावरून आपल्याकडे १९५६ला चोरी चोरी आला आणि १९९१ला दिल है के मानता नहीं. शनिवारी रात्री जेवणं उरकून आजीपासून नातीपर्यंत सगळे टीव्हीसमोर बसणार असतील, तर तिघांतला एक निवडावा लागतो. माझ्या मते एवढंच बघा: गरीब-श्रीमंतीतलं अंतर पिक्चर खरंच मनावर घेतो, की ते फक्त गाण्यांपुरतं निमित्त आहे?

या कसोटीला मूळ पिक्चर सर्वांत पक्का उतरतो. अमेरिकेत तेव्हा मंदी होती, १९३३मध्ये दर चार कामगारांमागे साधारण एक बेकार होता. बसमध्ये एक बाई भुकेने चक्कर येऊन पडते आणि तिचा लहानगा रडायला लागतो. विनोदी पिक्चरमध्ये असा प्रसंग घालायला हिंमत लागते. शेवटाकडे पत्रकार मुलीच्या बापाकडे पैसे मागायला जातो. मुलगी शोधून देणाऱ्याला दहा हजार डॉलरचं बक्षीस लावलेलं, त्यामुळे बापाला वाटतं, आला हा त्यासाठीच. हा मागतो फक्त ३९ डॉलर ६० सेंट. पेट्रोलसाठी कोट, बॅग, हॅट विकावी लागली, त्याची यादीच पुढे ठेवतो. आपल्या कोल्हापुरात उद्यमनगरातल्या कारखान्यात लेथवरचा माणूस मालकाला उचलीचा हिशेब देतो ना, तशी ताठ मानेने. प्रेम आहे हे तो आधी कबूलच करत नाही, बापाला खोदून खोदून विचारावं लागतं. पत्रकार झालेल्या क्लार्क गेबलचं ते चिडणं मला प्रत्येक वेळी नव्याने आवडतं. सर्वोत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शक, नट, नटी आणि पटकथा ही पाचही ऑस्कर एकट्याने नेणारा हा पहिला पिक्चर. पावणेदोन तासांत संपतो. पण इंग्रजी झरझर बोलतात, सबटायटल वाचत बसायची आजीची तयारी नसेल तर तिला कंटाळा येईल.

तिच्यासाठी चोरी चोरी. नर्गिस आणि राज कपूर, त्यात लता आणि मन्ना डे यांचं ‘ये रात भीगी भीगी’. शंकर-जयकिशनना याच संगीतासाठी फिल्मफेअर मिळालं. भुकेची, हिशेबाची ती धार इथे बोथट होते हे खरं, अडीच तासांहून लांबही आहे. तरी नर्गिसचा तोरा हळूहळू गळून पडताना बघणं, त्यासाठी माझी कितीही वेळ बसायची तयारी आहे.

दिल है के मानता नहीं कॉलेजच्या पोरांना चटकन जवळचा वाटेल. पूजा भट्ट मुंबईहून बंगळुरूला निघते, म्हणजे आपल्याच हायवेची दिशा. सीबीएसवर, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर, रात्री बंगळुरूच्या गाडीची वाट बघत बसलेल्या कुणालाही हा प्रवास परका वाटणार नाही. आमिर खान टवटवीत आहे, नदीम-श्रवणची गाणी पाठ असतातच. पण अनुपम खेरचा बाप इतका गमत्या केलाय की मुलगी आणि पत्रकार यांच्यातल्या अंतराची भीती अशी वाटतच नाही.

आणखी एक. आपल्याकडे ताराबाई पार्कासारख्या श्रीमंत वस्तीतली मुलगी आणि कामगाराचा मुलगा यांच्यामध्ये पैशाच्या आडून बहुतेकदा जात उभी असते. दोन्ही हिंदी पिक्चर तिला हात लावत नाहीत. घरात अशा लग्नाचा विषय खरोखरच निघाला असेल आणि पिक्चर लावून बोलणं सुरू करायचा विचार असेल, तर यांच्यावर भिस्त ठेवू नका, सरळ बोला.

आजी असेल तर चोरी चोरी, पोरंच असतील तर १९३४चा. तिसरा रविवारी दुपारी तांबडा-पांढरा चापून झाल्यावर पडल्या पडल्या बघायला ठेवा. दोन रात्री मोकळ्या असतील तर मूळ पिक्चर आधी बघा. तो ३९ डॉलरचा हिशेब डोक्यात ठेवून दुसऱ्या रात्री राज कपूर बापासमोर उभा राहतो तेव्हा नीट लक्ष द्या.