दिवसातून एक फेरी की दोन? इंग्लंडच्या टाळेबंदीतील व्यायामाचा तुलनात्मक आढावा

कोविडच्या साथीत ६ जानेवारी २०२१ पासून इंग्लंडमध्ये तिसरी टाळेबंदी कायद्याने लागू झाली. व्यायामासाठी घराबाहेर पडण्याची मुभा त्या वेळीही राहिली, परंतु सरकारी मार्गदर्शक सूचनांमध्ये ‘दिवसातून एकदा’ आणि ‘आपल्याच भागात’ या दोन अटी पुन्हा आल्या. त्यामुळे इथल्या अनेक मराठी घरांत तेव्हा एकच चर्चा चालू होती: दुपारी तासभर फिरून यावे आणि दिवस संपवावा, की सकाळी अर्धा तास व जेवणानंतर अर्धा तास अशी विभागणी केली तरी चालेल? हा आढावा त्याच निर्णयासाठी आहे. माझे मत आधीच सांगतो. किती वेळा बाहेर पडलो, या आकड्याला स्वतःचे असे फारसे वजन नाही. एकूण किती वेळ, कोणत्या प्रहरी आणि घराच्या दारापासून रस्त्यापर्यंत कोणत्या वाटेने, या तीन गोष्टींना आहे. मात्र हे विधान सर्व घरांना सारखे लागू पडत नाही, आणि पुढचा बराचसा मजकूर त्या फरकाविषयीच आहे.

कायदा आणि सूचना

कायदा आणि सूचना यांतील अंतर पहिल्या टाळेबंदीपासूनचे होते. २३ मार्च २०२० च्या भाषणात तत्कालीन पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी दिवसातून एकदा व्यायामाची परवानगी जाहीर केली; प्रत्यक्षात २६ मार्चला अमलात आलेल्या इंग्लंडच्या नियमावलीत घराबाहेर पडण्यास ‘वाजवी सबब’ हवी असे म्हटले होते, आणि एकट्याने किंवा घरातील माणसांसह केलेला व्यायाम ही अशी सबब मानली होती; किती वेळा, याचा उल्लेख तिच्यात नव्हता. वेल्सने मात्र ‘दिवसातून एकदाच’ हे शब्द थेट कायद्यात घातले आणि ११ मेपर्यंत ते तिथे होते. परिणामी त्या वसंतात इंग्लंडमधील चेस्टरमध्ये संध्याकाळी दुसऱ्यांदा पाय मोकळे करायला निघालेला माणूस केवळ सूचना मोडत होता, तर काही मैलांवरच्या, वेल्समधील रेक्सममध्ये तेच करणारा माणूस कायदा मोडत होता. विषाणूला अर्थातच ही सीमा ठाऊक नव्हती.

जानेवारी २०२१ मध्ये चित्र उलटे होते. वेल्स आणि स्कॉटलंडमध्ये व्यायामासाठी किती वेळा बाहेर पडावे यावर मर्यादा नव्हती, इंग्लंडमध्ये सूचनेत ‘एकदा’ होते आणि कायद्यात तेव्हाही आकडा नव्हता. पहिल्या उल्लंघनाचा दंड २०० पौंड होता. तो १४ दिवसांत भरल्यास निम्मा होई आणि पुनरावृत्तीगणिक दुप्पट होत ६,४०० पौंडांपर्यंत जाई. परंतु दुसऱ्या फेरीसाठी हा दंड लावायला पोलिसांच्या हाती नियमच नव्हता. त्याच महिन्यात डर्बीशायरमध्ये दोन मैत्रिणींना प्रत्येकी २०० पौंडांचा दंड झाला तो सुमारे पाच मैल गाडीने जाऊन जलाशयाकाठी फिरल्याबद्दल, आणि टीकेनंतर पोलिसांनी तो मागे घेतला. खुद्द जॉन्सन डाउनिंग स्ट्रीटवरील आपल्या निवासस्थानापासून सात मैलांवरच्या ऑलिम्पिक पार्कमध्ये सायकल चालवताना दिसले, तेव्हाही वाद अंतराचाच झाला.

म्हणून सूचना धाब्यावर बसवावी, असे मला म्हणायचे नाही. रुग्णालये भरलेली असताना सरकारने केलेल्या विनंतीला नागरिकाच्या लेखी दंडापलीकडे किंमत असायला हवी. मात्र सूचनेतच एक दार उघडे ठेवलेले होते आणि ते अनेकांना माहीत नव्हते: ज्यांना किंवा ज्यांच्या सांभाळातील माणसाला प्रकृतीच्या कारणाने नियमित बाहेर पडावे लागे, त्यांनी दिवसातून अनेकदा व्यायाम करण्यास हरकत नव्हती. ही सवलत पहिल्यांदा ८ एप्रिल २०२० रोजी, स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलांच्या कुटुंबांची अडचण लक्षात आल्यावर, स्पष्ट शब्दांत देण्यात आली. घरात अशी व्यक्ती असेल तर एक की दोन हा प्रश्न आपल्यापुरता सुटलेला होता.

संसर्गाचा हिशेब

एकाच फेरीचा आग्रह धरण्यामागचे गृहीतक साधे आहे: माणसे जितकी कमी वेळा बाहेर पडतील, तितकी कमी भेटतील. हे तपासण्यासाठी एक कल्पित हिशेब मांडून पाहू. एखाद्या उपनगरात १०,००० माणसे रोज एक तास फिरतात आणि जानेवारीतील उजेडाचे आठ तास त्यांना उपलब्ध आहेत, असे धरले, तर कोणत्याही क्षणी सरासरी १,२५० माणसे रस्त्यावर आणि बागेत असतील. याच माणसांनी तासाचे दोन अर्धे केले तरी सरासरी १,२५० च राहते. ती २,५०० होते ती फक्त प्रत्येकाने दुसऱ्या फेरीलाही पूर्ण तास दिला तर. म्हणजे गर्दी वाढते ती एकूण वेळेने, फेऱ्यांच्या संख्येने नव्हे.

प्रत्यक्षात माणसे आठ तासांत समान विखुरत नाहीत. एकच संधी असेल तर बहुतेकजण ती दिवसाच्या सर्वांत सुखद वेळी, म्हणजे बारा ते तीनच्या दरम्यान, वापरतात, आणि मग शनिवारी दुपारी बागेतल्या अरुंद वाटांवर दोन मीटरचे अंतर केवळ फलकावर उरते. दोन छोट्या फेऱ्या करणाऱ्याला सकाळी आठला किंवा रात्री साडेआठला निघण्याची मोकळीक असते, कारण एखादी फेरी अंधारात गेल्याचे त्याला दुःख नसते. या दृष्टीने ‘एकदाच’ हा नियम गर्दी पातळ करण्याऐवजी एका प्रहरात गोळा करतो, असे मला वाटते.

उघड्या हवेतील धोका मुळात किती, याविषयी चीनमधील एक पाहणी वारंवार उद्धृत केली जाते. साथीच्या पहिल्या आठवड्यांतील ३१८ उद्रेकांचा माग काढला असता त्यांतील केवळ एक उद्रेक बाहेरच्या जागी झाला होता आणि त्यात दोन रुग्ण होते. ही पाहणी केंटमध्ये आढळलेला, अधिक वेगाने पसरणारा विषाणूचा नवा प्रकार येण्यापूर्वीची आहे, त्यामुळे तिच्यावर डोळे मिटून विसंबणे योग्य नाही. परंतु मोकळ्या वाऱ्यात सूक्ष्म थेंब विरून जातात आणि बंद खोलीत साचतात, ही कार्यपद्धती नव्या प्रकारालाही चुकत नाही.

मग दोन फेऱ्यांत वाढते काय? वाढते ती दाराची ये-जा. लंडनच्या आठव्या मजल्यावरील फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला एका फेरीसाठी दोनदा लिफ्टमध्ये शिरावे लागते, दोन फेऱ्यांसाठी चारदा. आणि लिफ्ट, बंद जिना व सामाइक प्रवेशदार यांतील हवा ही बागेतील हवा नव्हे. स्लाऊ किंवा मिल्टन कीन्समध्ये स्वतंत्र दाराच्या घरात राहणाऱ्याला मात्र उंबरठा ओलांडताच पदपथ लागतो, त्यामुळे त्याची दुसरी फेरी जवळजवळ फुकट पडते. माझ्या मते संपूर्ण तुलनेतील सर्वांत निर्णायक फरक हाच आहे, आणि नेमका तोच सरकारी वाक्यात बसत नाही. पेच असा की दुसऱ्या फेरीची गरजही फ्लॅटमधल्यालाच अधिक असते: ब्रिटनमधील दर आठ घरांपैकी एकाला आणि लंडनमधील दर पाच घरांपैकी एकाला बाग नाही, असे राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने मे २०२० मध्ये सांगितले होते. परसदारी चार पावले टाकता येतात त्याला एका फेरीत भागवणे सोपे जाते.

इतरांचा अनुभवही पाहण्यासारखा आहे. फ्रान्सने २०२० च्या वसंतात दिवसातून एकदा, एक तास आणि एक किलोमीटर अशी चौकट घातली, तीही निघण्याची वेळ लिहिलेले स्वयंघोषणापत्र खिशात ठेवून. आपल्या प्रश्नाला अधिक जवळचा अनुभव मेलबर्नचा आहे. तिथे ऑगस्ट २०२० मध्ये दिवसाला एक तास आणि पाच किलोमीटर ही मर्यादा होती. सप्टेंबरच्या मध्यापासून तिचे दोन तास झाले आणि ते दोन फेऱ्यांत विभागण्याची परवानगी मिळाली. त्यानंतरही नव्या रुग्णांची संख्या उतरतच राहिली आणि २६ ऑक्टोबरला ती शून्यावर आली. बाकी बहुतेक सर्व व्यवहार बंद होते, तेव्हा हे श्रेय फेऱ्यांना देता येत नाही. पण दुसऱ्या फेरीने उतरता आलेख वर वळवला नाही, एवढे नक्की म्हणता येते.

शरीराला काय हवे

इथे दोन फेऱ्यांची बाजू माझ्या अपेक्षेपेक्षा भक्कम निघाली. प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, हा ब्रिटनच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांचा २०१९ चा सल्ला आहे. पूर्वीच्या सल्ल्यात एका खेपेला किमान दहा मिनिटे हवीत अशी अट असे. २०१९ मध्ये ब्रिटनने आणि २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ती काढून टाकली. हृदयाला तासाचा हिशेब एकगठ्ठा दिला काय किंवा हप्त्याने दिला काय, फारसा फरक पडत नाही.

रक्तातील साखरेला मात्र फरक पडतो, आणि आपल्या लोकांसाठी हा मुद्दा तपशिलात जाण्याजोगा आहे. ब्रिटनमध्ये दक्षिण आशियाई वंशाच्या व्यक्तींना टाइप २ मधुमेहाचा धोका दोन ते चार पट अधिक मानला जातो, आणि त्यामुळेच वजन-उंचीच्या गुणोत्तराची (बीएमआय) सावधगिरीची रेषा इतरांसाठी २५ वर असताना आपल्यासाठी ती २३ वर ओढलेली आहे. जेवणानंतर साखर चढत असताना दहा-पंधरा मिनिटे चालले, तर स्नायू ती वापरतात आणि चढण बोथट होते. सकाळी उपाशीपोटी केलेला तासभराचा फेरफटका रात्रीच्या भातानंतरचे हे काम करू शकत नाही. आजीने शतपावलीला जेवणाचा शेवटचा घास मानले होते, ते काही उगाच नव्हे. तथापि शतपावली घरातही होते. बैठकीच्या खोलीतून स्वयंपाकघरापर्यंतच्या येरझाऱ्या साखरेला पुरतात. तेवढ्यासाठी कोट, टोपी, बूट चढवून लिफ्टची वाट पाहणे आवश्यक नाही.

दिवसभर खुर्चीला खिळून राहण्याच्या तोट्यांचेही तसेच आहे. सकाळी नऊपासून संगणकासमोर बसलेल्या माणसाला एका फेरीनंतर सलग सात तास बसायचे असेल, तर विभागणी बरी.

उन्हाची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे एक गैरसमज पसरलेला आहे. ‘ड’ जीवनसत्त्वासाठी दोनदा बाहेर पडतो, असे सांगणारे मला अनेकजण भेटतात. ऑक्टोबर ते मार्चच्या आरंभापर्यंत ब्रिटनमधील ऊन इतके तिरपे येते की त्यातून त्वचेला हे जीवनसत्त्व पुरेसे तयार करता येत नाही. मग दोन फेऱ्या करा की चार. त्यासाठी रोज १० मायक्रोग्रॅमची गोळी घ्यावी, असा आरोग्यसेवेचा सल्ला आहे, आणि सावळ्या वर्णाच्या लोकांनी ती वर्षभर घेण्याचा विचार करावा असेही त्यात म्हटले आहे. सकाळच्या उजेडाचा लाभ होतो तो झोपेच्या घड्याळाला, आणि जानेवारीत लंडनला आठच्या सुमारास उजाडून सव्वाचारच्या सुमारास मावळत असल्याने, एकच फेरी करायची असेल तर ती संध्याकाळी ठेवणाऱ्याच्या वाट्याला आठवड्याचे पाच दिवस उजेडच येत नाही.

घरातील माणसे

जोडपे आणि दोन लहान मुले अशा घरात प्रश्न केवळ प्रकृतीचा उरत नव्हता. शाळा बंद होत्या, दोघांच्या बैठका एकाच वेळी पडत, आणि मुलांना एकाने नेले तर दुसऱ्याला शांतता मिळे. अशा घरात पालकाची एक फेरी मुलांच्या मागे धावण्यात जाई. तिला व्यायाम म्हणावे की पाळत, हा वादाचा विषय आहे. इथे दुसरी, छोटी आणि एकट्याची फेरी मला समर्थनीय वाटते. उलट भारतातून आलेले सासू-सासरे घरात असतील, तर प्रत्येक वाढीव बाहेर पडण्याकडे त्यांच्या नजरेतूनही पाहायला हवे. आमच्या सासूबाई २०२० मध्ये पुण्यात सोसायटीच्या गच्चीवर फेऱ्या मारत होत्या, कारण महाराष्ट्रात ३ जूनपर्यंत फिरायला बाहेर जाण्याची मुभाच नव्हती आणि मिळाली तीही पहाटे पाच ते संध्याकाळी सात या वेळेत. त्यांच्या दृष्टीने आमचा एक-दोनचा घोळ हे लाडच होते, आणि त्या तसे बोलूनही दाखवत.

तेव्हाच्या चौकटीत निर्णय करायचाच झाला तर मी तो असा करीन. लिफ्ट किंवा बंद जिना वापरावा लागत असेल आणि घरात वयस्क किंवा दुर्धर आजाराचे माणूस असेल, तर एकच फेरी, ती उजेडात, मास्क लावून लिफ्ट रिकामी असताना, आणि रात्रीची शतपावली घरात. स्वतंत्र दार असेल, मधुमेह किंवा त्याची चाहूल असेल, आणि आसपास निवांत गल्ल्या असतील, तर तेवढाच एकूण वेळ दोन भागांत, दोन्ही वेळा गर्दीचा प्रहर टाळून. ही विभागणी प्रकृतीसाठी असल्याने सूचनेच्या आशयालाही ती धरून आहे, असे मी मानतो. स्वतंत्र दार आणि परसबाग दोन्ही असतील आणि प्रकृती ठणठणीत असेल, तर दुसऱ्या फेरीची गरज बागेतच भागते, तेव्हा सूचना पाळण्यात काही गमवावे लागत नाही.

आमचे घर दुसऱ्या प्रकारात मोडत होते. सकाळची फेरी सात-साडेसातला आणि रात्रीची जेवणानंतर, असे ठरवले होते. पण त्या जानेवारीत पदपथावर पहाटे काळे बर्फ, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा निसरडा थर, धरत होते, आणि त्या दिवसांत मोडलेला पाय घेऊन आपत्कालीन विभागात जाण्याची माझी तयारी नव्हती. त्यामुळे तात्पुरती सकाळची फेरी दुपारी साडेबाराला सरकवली होती.