पहिली-दुसरीचा अक्षरसंच : मात्रापट्ट्या उत्तम, चित्रकार्डे उसनी

गेल्या जूनमध्ये शाळा सुरू होताना पहिली-दुसरीच्या आम्ही तीन वर्गशिक्षिकांनी वर्गणी काढून मराठी वाचन-लेखनाचा एक तयार साहित्यसंच घेतला. कोल्हापुरातीलच शैक्षणिक साहित्याच्या दुकानात तो २,४५० रुपयांना मिळाला. दोन्ही सत्रे तो वर्गात वापरून झाल्यावर हे परीक्षण लिहीत आहे. उत्पादकाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण याच धर्तीचे संच थोड्याफार फरकाने निरनिराळ्या नावांनी विकले जातात आणि खाली सांगितलेले गुणदोष त्यांपैकी कोणताही संच हाती घेऊन पाहताना उपयोगी पडावेत. प्लायवूडच्या पेटीत खरखरीत अक्षरांच्या पाट्या, अक्षरांचे ठोकळे, पारदर्शक मात्रापट्ट्या, चित्रकार्डे, वीस वाक्यपट्ट्या, एक शब्दचक्र आणि वाळूचा ट्रे एवढे साहित्य आहे.

यातील सर्वांत विचारपूर्वक केलेली वस्तू म्हणजे मात्रापट्ट्या. इतर संचांत काना, वेलांटी, उकार हे अक्षरांसारखेच स्वतंत्र ठोकळे असतात आणि मुलांना ते अक्षराशेजारी मांडावे लागतात. काना शेजारी शोभतो. पण उकाराची जागा खाली, मात्रेची वर, आणि ऱ्हस्व वेलांटी तर उच्चारात व्यंजनानंतर येऊन लेखनात त्याच्या आधी उभी राहते. ‘दिवा’ मांडताना मूल कानाला ऐकू येईल त्या क्रमाने आधी द ठेवते, त्यापुढे वेलांटी ठेवते, मग व आणि काना. परिणामी वेलांटी व ला जाऊन चिकटते आणि मूल बरोबर ऐकूनही चुकीचे ठरते. या संचात मात्रा पारदर्शक प्लास्टिकच्या चौकोनांवर छापलेल्या आहेत आणि तो चौकोन ठोकळ्याच्या शेजारी न ठेवता थेट ठोकळ्यावर ठेवायचा असतो. अक्षराच्या चारही बाजूंना पुरेशी मोकळी जागा सोडलेली असल्यामुळे पट्टी बसताच ‘दि’ पूर्ण दिसतो. वेलांटी आधी की नंतर हा प्रश्नच मुलांपुढे उभा राहत नाही.

ऑगस्टमध्ये पहिलीच्या वर्गात क, म, न, र ही चार अक्षरे पक्की झाली होती आणि काना नुकताच आला होता. एका मुलीने ‘कान’ मांडला. मी तिला ‘नाक’ मांडायला सांगितले. तिने दोन ठोकळ्यांची अदलाबदल केली, पण कान्याची पट्टी क वरच राहिली. ‘नका’ असे तिने स्वतःच मोठ्याने वाचले, शेजारचा मुलगा हसला, ती क्षणभर ठोकळ्यांकडे पाहत राहिली आणि मग नखाने पट्टी उचलून तिने ती न वर ठेवली. मी काहीच बोलले नव्हते. केवळ या पट्ट्यांसाठी संचाची निम्मी किंमत द्यायला माझी हरकत नाही.

सोबतच्या मार्गदर्शक पुस्तिकेत मात्र अक्षरे क, ख, ग, घ अशा वर्णमालेच्या क्रमाने घ्यायला सांगितले आहे आणि तो सल्ला आम्ही पहिल्याच आठवड्यात बाजूला ठेवला. त्या क्रमाने चार अक्षरे शिकूनही मुलाच्या हाती धड शब्द लागत नाही. उलट क, म, न, र एवढ्याच अक्षरांतून मन, कर, नरम, नमन हे शब्द मिळतात आणि एक काना आला की कान, नाक, काम, मामा, काका अशी रांग लागते. बालभारतीच्या पुस्तकात अक्षरे गटागटाने येतात, ती याच कारणाने. ठोकळे सुटे असल्यामुळे क्रम बदलणे आम्हाला सोपे गेले. छापील तक्त्यात ती सोय नसते.

खरखरीत अक्षरांची कल्पना मारिया माँटेसरी यांच्या पद्धतीतून आलेली आहे. त्या १९३९ मध्ये मद्रासला आल्या आणि भारतातच त्यांनी अनेक वर्षे शिक्षकांचे वर्ग घेतले, पण आपल्याकडे ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी हा विचार त्याआधीच बालमंदिरांपर्यंत आणला होता. पॉलिश पेपरचे कापलेले अक्षर गुळगुळीत पाटीवर चिकटवायचे आणि मुलाने ते वाचताना उच्चार करीत बोटाने गिरवायचे, म्हणजे अक्षराचे वळण हाताला आधी कळते. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य यांत गोंधळणाऱ्या मुलांना या पाट्यांचा सर्वाधिक उपयोग झाला. डोळे मिटून अक्षर ओळखण्याचा खेळ तर मधल्या सुट्टीतही चालू राहतो. तथापि, गिरवण्याची दिशा दाखवणारे बाण ज्याने छापले त्याने मराठी शाळेत धुळाक्षरे काढलेली दिसत नाहीत. पहिल्या क्रमांकाचा बाण शिरोरेषेवर आहे. आमच्याकडे अक्षर पूर्ण होते आणि सर्वांत शेवटी रेघ ओढली जाते. शब्द लिहिताना तर सगळी अक्षरे झाल्यावर एकच सलग रेघ येते. आम्ही सर्व बाणांवर कागदी पट्ट्या चिकटवल्या.

यापुढची तक्रार अधिक गंभीर आहे. संचातील ल आणि श हिंदी वळणाचे आहेत. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श निश्चित केला, पाठ्यपुस्तकात मुले तोच पाहतात, आणि ठोकळ्यावर मात्र दुसराच आकार. मोठ्या माणसाला हा फरक जाणवतही नाही, पण अक्षराशी नुकती ओळख होत असलेल्या सहा वर्षांच्या मुलाला ती दोन वेगळी अक्षरे वाटतात. ळ चा तर एकच ठोकळा आहे. ‘बाळ’ मांडले की ‘फळ’ अडते. गुळाच्या गावात ‘गूळ’ मांडायला दुसऱ्या गटाला थांबावे लागते! शेवटी वाहनांवर रेडियमची अक्षरे लावून देणाऱ्या एका कारागिराकडून आम्ही ल, श आणि ळ कापून घेतले आणि कोऱ्या ठोकळ्यांवर चिकटवले. हा वरखर्च दीडशे रुपये आला.

चित्रकार्डांतही हाच उसनेपणा आहे. ठ च्या कार्डावर भांडी घडवणारा माणूस दिसतो. हिंदी अंकलिपीतला हा ठठेरा मराठीत तांबट होतो आणि त्याचा ठ शी काहीही संबंध उरत नाही. तो ठोकतो म्हणून ठ, अशी पळवाट मीच काढली. द साठी ‘दवात’ आहे, जिला आपण दौत म्हणतो आणि जी या पिढीने पाहिलेलीच नाही. काही अडचणी मात्र उत्पादकाच्या माथी मारता येणार नाहीत. बसचे चित्र दाखवले तेव्हा अर्धा वर्ग ‘केएमटी’ (कोल्हापूर महापालिकेची बससेवा) असे ओरडला आणि च च्या कार्डावरील चपलेकडे पाहून एका मुलाने मला समजावले, “बाई, पायताण की ओ हे.” त्या दिवशी ते कार्ड आम्ही प च्या गठ्ठ्यात ठेवले, दुसऱ्या दिवशी च च्या, आणि एका वस्तूला दोन नावे असू शकतात हे मुलांनी सहज मान्य केले. कार्डामागे नाव न छापता कोरी जागा सोडली असती तर प्रत्येक गावाला आपला शब्द लिहिता आला असता.

शब्दचक्र दोन दिवसांच्या कुतूहलापुरते आहे. वाळूच्या ट्रेमधील रंगीत वाळू हाताला चिकटते. आम्ही रवा वापरून पाहिला, मुंग्या आल्या, मग साधी चाळलेली वाळू घातली आणि प्रश्न मिटला.

पेटीच्या झाकणावर ‘निपुण भारतशी सुसंगत’ असे ठळक छापले आहे. जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या या पायाभूत साक्षरतेच्या अभियानात पहिलीच्या अखेरीस चार-पाच सोप्या शब्दांचे अपरिचित वाक्य वाचणे आणि दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द वाचणे अपेक्षित आहे. संचातील वाक्यपट्ट्या वीस. आठवडाभरातच मुलांना त्या पाठ झाल्या. पाठ झालेले वाक्य घडाघडा म्हणणे म्हणजे वाचन नव्हे, हे कोणत्याही पहिलीच्या बाईंना ठाऊक असते. म्हणून दर सोमवारी कोऱ्या पट्ट्यांवर मुलांच्याच बोलण्यातली नवी वाक्ये लिहिण्याचा शिरस्ता आम्ही ठेवला. ‘आमची म्हस आटली’ हे वाक्य सर्वांनी विनासायास वाचले.

टिकाऊपणाबाबत सावध करणे आवश्यक वाटते. ठोकळे लाकडाचे असल्याचे दुकानात सांगितले गेले, प्रत्यक्षात ते एमडीएफचे, म्हणजे दाबलेल्या लाकडी तंतूंच्या फळीचे आहेत. जुलैच्या झडीत, आमच्या खोलीच्या एका भिंतीला ओल येत असल्याने, खालच्या थरातील ठोकळ्यांच्या कडा फुगल्या आणि काही पाट्यांवरील पॉलिश पेपर सुटला. बदलून मागितल्यावर ‘पाणी लागलेला माल परत घेत नाही’ असे उत्तर मिळाले. पावसाळ्यात पेटी उंच कपाटात, कडुलिंबाच्या पाल्याऐवजी कोरड्या वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवावी. पाल्याचा ओलावाच आम्हाला आणखी नडला.

एका वेळी सहा मुलांच्या गटाला हा संच पुरतो. चौतीस पटाच्या वर्गात आम्ही गट पाळीपाळीने बसवतो आणि उरलेली मुले पाटीवर किंवा वाचन कोपऱ्यात असतात. दुसरा संच घेण्याचा विचार आम्ही सोडून दिला आहे. त्याऐवजी सुताराकडून सागवानी ठोकळे कापून घेणार आहोत, अक्षरे रेडियमची लावू, आणि मात्रापट्ट्या सुट्या मिळतील का याची दुकानात चौकशी केली आहे. दुकानदाराने ‘कंपनीला विचारून सांगतो’ म्हटले, त्याला आता तीन आठवडे झाले.