वरच्या आणि खालच्या वावराचं माती परीक्षण: आमचा अनुभव

यवतमाळ जिल्ह्यात आमची साडेचार एकर कोरडवाहू कपाशी आहे. दोन वर्षांपासून उताराकडची, म्हणजे वरच्या वावरातली (शेतातली) पऱ्हाटी (कपाशी) बोंड धरायच्या वेळेलाच लाल पडते. आधीची मृदा आरोग्य पत्रिका (सरकारी माती तपासणीचं कार्ड) घरात होती, पण तिच्यातले आणि धुऱ्यापलीकडच्या शेजाऱ्यांच्या पत्रिकेतले आकडे तंतोतंत सारखे. तेव्हा त्या योजनेत कोरडवाहू भागात १० हेक्टरमागे एकच नमुना घ्यायचे, म्हणून तसं झालं. यंदा मे महिन्यात मी स्वतः वरच्या आणि खालच्या वावरातल्या मातीच्या दोन पुड्या काढून शहरातल्या एका प्रयोगशाळेत दिल्या.

कपाशीसाठी फूटभर खोल माती घ्या, झाडाखालची आणि उकिरड्याजवळची नको, असं तिथल्या मुलाने नीट समजावून सांगितलं. खालच्या वावरात काहीच अडचण आली नाही, भेगेत हात मनगटापर्यंत जात होता. वरच्या वावरात मात्र कुदळ वीतभर गेली आणि मुरमावर खणकन वाजली. मामाजी, म्हणजे माझे सासरे, शेजारी उभे होते. म्हणाले, "सूनबाई, इथं माझा वखर पुरता बुडत होता." मला तिथेच रडू आलं. अहवालात या वीतभर मातीला रकानाच नाही.

आकडे मात्र कामाचे निघाले. सेंद्रिय कर्ब (शेणखत-पालापाचोळा कुजून मातीत राहणारा कस) वरती ०.२९ टक्के, खाली ०.५४. सामू (pH) वरती ८.३. जस्त दोन्हीकडे कमी. मामाजी "जमीन खत मागते, पण देत काही नाही" म्हणायचे, ते या कर्बाच्या आकड्यात दिसलं. तिथल्या मॅडमनी वीस मिनिटं बसून एकेक ओळ वाचून दाखवली, त्यांचे मनापासून आभार.

तक्रारी दोन. आठ दिवसांत देऊ म्हणाले, अहवाल आला जूनच्या शेवटी. तोवर सरकी टोबून झाली होती, पहिला खताचा डोसही गेला होता. दुसरी त्याहून मोठी. दोन्ही वावरांना शिफारस एकच छापलेली, शेणखत आणि खतं सारख्याच मापाने. कर्ब जवळपास निम्मा असलेल्या जमिनीला तोच सल्ला कसा चालेल?

आणि पानं लाल पडण्याचं काय, हे मी विचारलं. लाल्याचं (पानं लाल पडण्याच्या या रोगाचं) एक कारण मॅग्नेशियमची कमतरता असू शकतं, पण नेहमीच्या १२ तपासण्यांत मॅग्नेशियम नसतंच. ते वेगळं सांगावं लागतं. देतानाच कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

तरी माती तपासून घ्याच, फक्त उतारावरची आणि सखलातली एकत्र करू नका. आम्ही वरच्या वावरात यंदा उताराला आडवी डवरणी (कोळपणी) केली. पुढल्या एप्रिलमध्येच पुड्या देणार, मॅग्नेशियमसकट. तिसरी पुडी नाल्याकाठी साचलेल्या गाळाची असेल, कारण आमच्या वरच्या वावराची माती तिथेच गेलीय असं मामाजी म्हणतात.