उद्यमबागेतले आमचे आयएसओवाले सर, काम चोख पण टाइमचं बघा

बेळगावच्या उद्यमबागेत आमचं छोटं मशीन शॉप, आयएसओ ९००१ चं (कामाची क्वालिटी सांभाळायच्या पद्धतीचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड) २००८ वालं सर्टिफिकेट होतं, २०१५ ची नवी आवृत्ती आली आणि सप्टेंबर २०१८ च्या आत बदलायचं म्हटल्यावर ह्या कन्सल्टंटना बोलावलं. माणूस चांगला हं, पोरांना मराठी कन्नड दोन्हीत समजावलं. नव्या आवृत्तीत क्वालिटी मॅन्युअलची, म्हणजे क्वालिटीची सगळी पद्धत लिहून ठेवलेल्या फाईलची, सक्ती नाही म्हटल्यावर बाबा म्हणाले, मग इतकी वर्षं ती जाडजूड फाईल कशाला सांभाळली रे! रिस्कचं काम, म्हणजे कुठे काय अडेल ते आधीच बघायचं, ते मात्र खरंच उपयोगी, सगळं कास्टिंग एकाच फाउंड्रीतून घेतोय, ती बंद पडली तर काय, हे आमच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. पण टाइमला एकदा पण आले नाहीत, फोन केला की आलोच आलोच. फी घासाघीस करूनच ठरवा.