गाळ मोजायला भाड्याने आणलेला एडीसीपी

एडीसीपी म्हणजे पाण्यात आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून प्रवाहाचा वेग मोजणारं यंत्र. सिरोंच्याला प्राणहितेवर ऑगस्टमध्ये आठवडाभर वापरला. ६०० किलोहर्ट्झचा, चार बीमचा, म्हणजे आवाजाचे चार तिरके झोत सोडणारा. भाड्याने देणारा म्हणाला होता, "मॅडम, पाण्यात सोडा, गाळाचा आकडा थेट लॅपटॉपवर." तसं काही होत नाही.

वेग आणि विसर्ग मोजायला यंत्र झकास आहे, त्याबद्दल तक्रार नाही. गाळाचं गणित वेगळं. यंत्र गाळ बघत नाही, त्यावरून परत आलेला आवाज ऐकतं. ६०० किलोहर्ट्झला पाण्यात तरंगलांबी अडीच मिलिमीटर. त्याहून पुष्कळ बारीक कणांचा व्यास दुप्पट झाला, की तेवढ्याच वजनाच्या गाळाचा प्रतिध्वनी आठपट. म्हणजे थोडी वाळू बोंबलते आणि ढीगभर चिखल गप्प बसतो. पहिल्या दिवशी पाणी अगदी दुधाच्या चहासारखं, आणि पडद्यावर फिकट निळा पट्टा, म्हणजे प्रतिध्वनी क्षीण! मध्येच लाल रेघ उमटली, तेव्हा मला वाटलं वाळू आली. नावाडी अन्नाने इंजिनाकडे बोट दाखवलं. पंख्याचे बुडबुडे. यंत्र होडीच्या दुसऱ्या कडेला, पुढे बांधलं तेव्हा रेघ गेली.

शेवटी पंजाब बाटल्या, म्हणजे पाण्याखाली बूच उघडून नमुना घ्यायच्या बाटल्या, काढल्याच. पृष्ठभागापासून एकूण खोलीच्या ०.६ पटीवर सोडायची, बूच ओढायचं, वर घ्यायची. मग गाळून, ओव्हनमध्ये वाळवून वजन. त्या वजनांच्या लॉगॅरिदमशी प्रतिध्वनीचे डेसिबल जुळवले, तेव्हा कुठे बाटल्या भरल्या त्या जागांच्या मधल्या पाण्याबद्दल यंत्र काही सांगू लागलं. ते मात्र सुंदर सांगतं. डाव्या काठालगत गाळाची एक जाड पट्टी वाहत होती, ती माझ्या एकाही बाटलीत सापडली नव्हती.

आता तक्रारी. यंत्र प्रतिध्वनी ज्या कच्च्या आकड्यांत नोंदवतं त्या काउंटचे डेसिबल करायचा गुणक प्रत्येक बीमचा वेगळा असतो, दुकानवाल्यांनी चारींना मिळून एकच ०.४५ दिला. खरे आकडे तीन फोननंतर आले. सोबतच्या सॉफ्टवेअरमध्ये गाळ स्वतःच जो आवाज खातो त्याची दुरुस्ती नाही, त्यामुळे पुरात तळाकडचं पाणी उगाच निवळ दिसतं. ती मी एक्सेलमध्ये केली. उभ्या रेषेपासून २० अंश कललेल्या बीमला तळालगतचं सहा टक्के पाणी तसंही दिसत नाही, आणि जाड वाळू नेमकी तिथूनच पळते. यात यंत्राचा दोष नाही, पण भाड्याने देताना सांगा की!

यंत्राला पाचपैकी चार, दुकानाला दोन. अनामत अजून आलेली नाही.