आजाऱ्याच्या उशाशी कोणते बायबल ठेवावे?

दवाखान्यात कोणी दाखल झाले की चर्चच्या मंडळीतली माणसे भेटायला येतात, आणि बहुतेकांच्या हातात तीनपैकी एक वस्तू असते: खिशातला छोटा नवा करार (बायबलचा दुसरा भाग), वचनांची पेटी (बायबलमधली एकेक ओळ लिहिलेल्या चिठ्ठ्यांची डबी), नाहीतर फोनवर उघडलेले बायबलचे अ‍ॅप. देणाऱ्याची माया खरी असते. पण खाटेवरच्या माणसाला त्यातले काय झेपेल, याचा विचार क्वचितच होतो. मराठीत सहज मिळणाऱ्या आवृत्त्या इथे एकाच कसोटीवर पाहिल्या आहेत. देव जवळ आहे असे ज्याला वाटेनासे झाले आहे, त्याला देवाशी बोलायला ही प्रत शब्द पुरवते का? अभ्यासासाठी, उपदेशासाठी किंवा लग्नात भेट द्यायला कोणती चांगली, हा वेगळा विषय आहे.

सुरुवात आपल्या ओळखीच्या प्रतीपासून करू. बायबल सोसायटी ऑफ इंडियाचे ‘पवित्र शास्त्र’, आर. व्ही. रीएडिटेड, म्हणजे रिव्हाइज्ड व्हर्जनचे पुन्हा संपादित रूप. बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांत रविवारी हेच वाचले जाते. याची भाषा जड आहे अशी तक्रार नेहमी होते आणि ती खोटी नाही. ‘सन्निध’, ‘अनुतप्त’, ‘अरिष्ट’ हे शब्द आज कोणी घरात बोलत नाही. तरीही मोठ्याने वाचून दाखवायचे असेल तर हिच्याइतकी चांगली आवृत्ती नाही. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतल्या, म्हणजे प्रार्थनागीतांच्या संग्रहातल्या, स्तोत्र ४६ चे पहिले वचन घ्या: ‘देव आमचा आश्रय व आमचे सामर्थ्य आहे, तो संकटसमयी साहाय्य करण्यास सदा सिद्ध असतो.’ दुसऱ्या अर्ध्या ओळीत ‘स’ पुन्हा पुन्हा येतो, त्यामुळे ती हळू वाचावी लागते आणि ऐकणाऱ्याचा श्वासही तिच्याबरोबर संथ होतो. ज्यांनी लहानपणी संडेस्कूलमध्ये ही वचने पाठ केली आहेत, त्यांना गुंगीतही पुढचा शब्द आठवतो. वाचणाऱ्याने ओळ अर्ध्यावर थांबवावी आणि आजाऱ्याला ती पुरी करू द्यावी. साठीपुढच्या माणसांसाठी दुसरी आवृत्ती शोधूच नये.

याच आवृत्तीतले स्तोत्र २३ जरा जवळून पाहण्यासारखे आहे. एकंदर सहा वचने. पहिल्या तीन वचनांत देवाविषयी बोलणे आहे: तो मेंढपाळ आहे, तो कुरणात बसवतो, तो पाण्यावर नेतो. चौथ्या वचनात दरी येते, आणि तिथेच ‘तो’ जाऊन ‘तू’ येतो: ‘कारण तू माझ्याबरोबर आहेस.’ हिरव्या कुरणात देवाविषयी बोलणारा माणूस अंधारात देवाशी बोलू लागतो. त्या वचनात ‘मृत्युच्छाया’ हा शब्द आहे, म्हणून आजाऱ्यासमोर वाचताना घरचे लोक घाबरून ते वचन गाळतात. असे करू नये. मृत्यूचा विचार आजाऱ्याच्या मनात आधीच आलेला असतो, आणि ते वचन गाळले की त्याबरोबर ‘तू’ सुद्धा जातो. वाक्य ‘दरीतूनही’ असे आहे, दरीत असे नाही. ‘तून’ या प्रत्ययावर किंचित जोर देऊन वाचले की अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

या प्रतीचा खरा दोष आकाराचा आहे. अख्खे बायबल जाड, कागद पातळ, मागची अक्षरे पुढे दिसतात आणि बहुतेक प्रतींत मजकूर दोन स्तंभांत बारीक टाइपात छापलेला. एका हाताला सलाईन असलेल्या माणसाला ते धरता येत नाही. छातीवर ठेवले तर भार होतो. मोठ्या टाइपाची प्रत आणखी जड असते, त्यामुळे ती खुर्चीवर बसलेल्या सोबत्यासाठी घ्यावी, आजाऱ्यासाठी नव्हे. घेताना दुकानात मध्यावर, स्तोत्रसंहितेपाशी, उघडून टेबलावर ठेवून पाहावी. आपोआप मिटत असेल तर रात्री एका हाताने फोनचा उजेड धरून वाचणे जमणार नाही. चेनच्या कव्हराची प्रत प्रवासाला चांगली. वॉर्डात मात्र मध्यरात्री चेन उघडण्याचा आवाज शेजारच्या खाटेपर्यंत जातो.

सोसायटीचीच दुसरी आवृत्ती सी. एल., म्हणजे बोलभाषेच्या जवळची. वाक्ये सोपी, शब्द रोजचे. इंग्रजी माध्यमात शिकलेल्या मुलांना, नव्याने विश्वासात आलेल्यांना आणि आजाऱ्याला स्वतःच वाचायचे असेल तर ही द्यावी. थकलेल्या मेंदूला ‘अनुतप्त’ या शब्दावर अडखळायला लावण्यात काही भक्ती नाही. मोठ्याने वाचताना मात्र हिची लय लवकर विरते. म्हणून एकाच घरात दोन्ही प्रती असाव्यात: ऐकवायला आर. व्ही., वाचायला सी. एल.

वसईकडच्या कॅथलिक घरांत आणि ख्रिस्ती नसलेल्या मराठी वाचकांतही फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ पोहोचले आहे. त्याला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. मराठी गद्य म्हणून ते सुंदर आहे. पण ते मांडीवर घेऊन निवांत वाचायचे पुस्तक आहे, उशाशी ठेवायचे नाही. आजाऱ्याची महिनोन्महिने शुश्रूषा करणाऱ्याने दुपारी घरी वाचावे. त्यालाही आधाराची गरज असते, हे मंडळी विसरते.

पंडिता रमाबाईंच्या भाषांतराची प्रत कोणाच्या घरी असेल तर ती जपून ठेवावी. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खे बायबल साध्या मराठीत आणले, खेड्यातल्या बायकांना कळावे म्हणून. १९२१ मध्ये त्यांची एकुलती मुलगी मनोरमा गेली. तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या आणि पुढे १९२४ मध्ये संपूर्ण बायबल छापून झाले. दुःखात देवाच्या सोबतीवर विसंबणे म्हणजे काय, हे त्या प्रतीच्या जन्मातच आहे. रोजच्या वापरासाठी मात्र ती जुनी पाने उलटू नयेत.

गिदियन्स या बायबल वाटणाऱ्या संस्थेचा खिशातला नवा करार, स्तोत्रे आणि नीतिसूत्रांसह, दवाखान्यांत फुकट मिळतो. वजन नगण्य, एका हातात मावतो, म्हणून आजाऱ्यासाठी सर्वांत सोयीचा. कोणत्या प्रसंगी कोणता उतारा वाचावा याची यादीही त्यात दिलेली असते आणि ती कामाची आहे. टाइप इतका बारीक की चाळिशीनंतर चष्म्याशिवाय वाचता येत नाही, हीच मोठी अडचण. चष्मा बहुधा घरी राहिलेला असतो. यशया संदेष्ट्याचे पुस्तक मात्र यात नाही, म्हणून त्यातली ४१:१० आणि ४३:२ (आधी अध्याय, मग वचन) ही दोन वचने वेगळ्या कागदावर लिहून आत घालावीत.

आता वचनांची पेटी. हिच्याविषयी स्पष्ट बोलायला हवे. ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत चिठ्ठी उचलायची आणि ते वर्षाचे वचन मानायचे, ही आपल्याकडची प्रेमळ रीत आहे. पण मोठ्या आजारात पेटीतल्या चिठ्ठ्या अपाय करू शकतात, कारण त्यांत वचनाच्या मागचे-पुढचे काही नसते. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातले २९:११ बघा. ‘हिताचे संकल्प’ सांगणारी ही चिठ्ठी सर्वांत लोकप्रिय. वाचणाऱ्याला वाटते, आता लवकर सुटका होणार. मुळात ते बाबेलात धरून नेलेल्या लोकांना लिहिलेले पत्र आहे. त्याच पत्रात घरे बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्ने करा असे सांगितले आहे, आणि अकराव्या वचनाच्या आधी दहाव्यात ७० वर्षांची मुदत आहे. दोन वर्षांत सगळे परत येईल असे म्हणणारा संदेष्टा आदल्याच अध्यायात आहे. त्याचे नाव हनन्या, आणि तो खोटा ठरला. कर्करोगाच्या रुग्णाला ‘देवाने वचन दिले आहे, महिन्याभरात घरी येणार’ असे सांगणारा नकळत हनन्याच्या बाजूला उभा राहतो. पुढचा अहवाल वाईट आला की आजारी माणूस स्वतःच्या विश्वासात खोट शोधू लागतो. हा त्रास आजारापेक्षाही खोल जातो.

स्तोत्र ९१ चेही असेच होते. दारावर चिकटवलेले, गळ्यातल्या पाकिटात घातलेले हे स्तोत्र लोक तावीज समजून वापरतात. मत्तय ४:६ मध्ये सैतान प्रभू येशूला मंदिराच्या टोकावरून उडी मारायला सांगतो तेव्हा याच स्तोत्राचा आधार देतो, हे वाचकाने ध्यानात ठेवावे. स्तोत्र वाचावे, अवश्य वाचावे, पण पंधराव्या वचनापर्यंत. तिथे संकटात भक्ताबरोबर राहण्याचे देवाचे अभिवचन आहे. संकट येणारच नाही असे तिथे म्हटलेले नाही.

पेटीत कधीच न सापडणारी दोन स्तोत्रे उशाशी हवीत. १३ वे सहाच वचनांचे. पहिल्या दोन वचनांत ‘कोठवर’ हा प्रश्न चार वेळा येतो. ८८ वे अठरा वचनांचे, आणि त्याचा शेवट अंधारात होतो. बहुतेक विलापस्तोत्रे शेवटी स्तुतीकडे वळतात, तसे वळण याला नाही. मग हे कशाला वाचायचे? कारण मूळ हिब्रूत या स्तोत्रात परमेश्वराला नावाने चार वेळा हाक मारली आहे, १, ९, १३ आणि १४ या वचनांत. सगळे हरवल्याचे सांगणारा माणूस ज्याला सांगतो आहे, त्याला सोडत नाही. बरे वाटत नसताना ‘हालेलूया’ म्हणण्याची सक्ती ज्याला असह्य होते, त्याला हे स्तोत्र वाचून दाखवले की बऱ्याचदा पहिल्यांदा रडू येते. रडू द्यावे. लगेच गाणे सुरू करू नये. बायबलमधल्या, सगळे गमावलेल्या ईयोबाचे मित्र पहिले सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तेवढे त्यांनी बरोबर केले. चूक त्यांनी तोंड उघडल्यावर झाली.

फोनवरच्या बायबल अ‍ॅपचा मोठा फायदा म्हणजे अक्षर हवे तेवढे मोठे करता येते, आवृत्ती बदलता येते आणि काही आवृत्त्या ऐकताही येतात. मात्र प्रत्येक आवृत्ती फोनमध्ये उतरवून ठेवता येतेच असे नाही. तळमजल्यावरच्या एक्स-रे विभागात किंवा अतिदक्षता विभागाबाहेर नेटवर्क जाते आणि पान कोरे राहते. घरी असतानाच डेटा बंद करून स्तोत्रसंहिता उघडते का ते तपासावे. रात्री पडद्याची पार्श्वभूमी काळी ठेवावी. सूचना बंद कराव्यात, नाहीतर स्तोत्र १३० चालू असताना वरून कुटुंबाच्या ग्रुपवरचे निरोप टपकतात. ऐकवताना एका वेळी एकच स्तोत्र लावावे. ध्वनिमुद्रण आपोआप पुढच्या अध्यायात जाते, आणि स्तोत्र १२१ च्या शांततेनंतर लगेच १२२ सुरू झाले की मन कशावरच टिकत नाही.

या सगळ्यांपेक्षा उपयोगी वस्तू घरी तयार होते. ए-फोर कागदावर एका पानावर एक स्तोत्र, २० पॉइंट टाइपात, एका स्तंभात. १३, २३, ४६, १२१ आणि १३० एवढी पाच पुरेत. त्यांच्या जोडीला ८८ घ्यावे; ते दोन पानांवर जाते, म्हणून पाठपोट छापावे. इंडियन रिव्हाइज्ड व्हर्जन या वेगळ्या आवृत्तीचा मराठी मजकूर मोकळ्या परवान्यावर मिळतो, तो वापरला तर मंडळीत वाटायलाही अडचण नाही. पाने प्लास्टिकच्या पारदर्शक पाकिटात घालावीत म्हणजे सॅनिटायझरने पुसता येतात. दवाखान्याची परवानगी असेल तर अतिदक्षता विभागात तेवढे एक पान नेता येते. जाड पुस्तक बहुधा बाहेर ठेवावे लागते.

वाचन दिवसातून दोनदा, सकाळी डॉक्टरांची फेरी झाल्यावर आणि रात्री दिवे मंद झाल्यावर. एका वेळी एकच स्तोत्र, दोन-तीन मिनिटे, वर स्पष्टीकरण नाही. तेच स्तोत्र सलग तीन दिवस वाचावे. रोज नवे शोधण्याच्या नादात एकही मुरत नाही. पाळकसाहेब किंवा फादर आले तर त्यांनाही तेच पान हातात द्यावे, नवीन उतारा काढायला सांगू नये. आजाऱ्याने ‘आज नको’ म्हटले तर पान उशाशी ठेवून नुसते बसावे. एलिया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत होता तेव्हा देवदूताने त्याला आधी दोनदा खायला-प्यायला दिले आणि मध्ये झोपू दिले, बोलणे नंतर झाले. पाण्याचा ग्लास आधी भरावा, पान मागितले की काढावे.